सांगलीत राहून सॉफ्टवेअरचा धंदा कसा उभा करायचा: छोटं सुरू करा, खर्च आवरून वाढवा

वालचंदमधून नाहीतर कराडच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेली पोरं, आणि हिंजवडीत चार-पाच वर्षं काढून आता गावाकडं परत यायचा विचार करणारी मंडळी, दोघांचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो, फंडिंग कुठं मिळेल. माझं सरळ मत सांगतो, हा प्रश्न पहिली दोन वर्षं विचारायचाच नाही. त्याऐवजी गाडीवरून पंधरा मिनिटांत गाठता येईल असं एक गिऱ्हाईक शोधायचं, जे तुमच्या कामाचे पैसे द्यायला तयार आहे. त्याचं काम चोख करायचं, मग तसलंच दुसरं शोधायचं. सांगली-साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आयत्या मिळाल्यात, महिन्याचा खर्च कमी आहे आणि गिऱ्हाईक समोर बसून काम करताना बघायला मिळतं. या दोन्हींचा पुरेपूर वापर करायचा, पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे.

आधी वहीत हिशोब करा

कोड लिहायच्या आधी एक साधा भागाकार. समजा तुमच्याकडं बाजूला काढलेले ४,८०,००० रुपये आहेत आणि घरखर्च, इंटरनेट, सर्व्हर, पेट्रोल धरून महिन्याला ३२,००० लागतात, तर तुमच्या हातात १५ महिने आहेत. आता त्यात शंभर फुटी रोडला १२,००० भाड्याचं ऑफिस आणि १८,००० पगाराचा एक पोरगा धरा, खर्च ६२,००० झाला, आणि तेच पैसे आठ महिनेसुद्धा पुरत नाहीत. बाकी काहीच बदललं नाही, गिऱ्हाईक एकही वाढलं नाही, नुसता वेळ अर्धा झाला.

हातात जास्त महिने ठेवायला आपल्याकडं आणखी एक कारण आहे. सांगलीचा बराचसा धंदा सीझनवर चालतो. बेदाणा, हळद, ऊस, प्रत्येकाची वर्षातून एकदाच धामधूम असते, आणि तुमचं सॉफ्टवेअर खरंच उपयोगी आहे का हे त्या धामधुमीतच कळतं. म्हणजे हातातल्या पैशात एक अख्खा सीझन बसलाच पाहिजे, आठ महिन्यांत तो निसटू शकतो. १५ महिन्यांत निसटत नाही. त्यामुळं सुरुवातीला घरची माळ्यावरची खोली, जुना लॅपटॉप आणि नोकरी शक्य असेल तर नोकरी चालू ठेवून. वर्क फ्रॉम होम असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त कंपनीच्या करारात बाजूचं काम करायला परवानगी आहे का आणि त्यावर हक्क कुणाचा, हे वाचून घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचा कोड चुकूनसुद्धा लिहू नका.

प्रॉब्लेम शोधायचा तो बाजारात जाऊन

घरात बसून आयडिया काढली की ती दर वेळी फूड डिलिव्हरी नाहीतर शेतकऱ्यांचं ॲप असंच काहीतरी निघते, कारण ते मोबाईलवर बघितलेलं असतं. त्यापेक्षा भोवताली काय आहे ते बघा. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात, गणपती पेठेत होलसेल दुकानं, कुपवाड एमआयडीसीत छोटे जॉबवर्कवाले, मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आणि लॅब, विट्याला यंत्रमाग, तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. साताऱ्याकडं गेलात तर महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं, स्ट्रॉबेरीवाले. यातला प्रत्येकजण आज काहीतरी वापरतोयच, वही, टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप. त्यातलं नेमकं कुठं अडतंय हे बघायचं.

मी या लेखात कोल्ड स्टोरेजचं उदाहरण शेवटपर्यंत धरतो म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही.

सीझनमध्ये एखाद्या कोल्डच्या ऑफिसात ओळखीनं दिवसभर नुसतं बसा. मार्च-एप्रिलची दुपार, बाहेर बेदाण्याचे बॉक्स भरलेले टेम्पो लाईनीत उभे, हमाल बॉक्स उतरवतायत, एकजण मार्करनं बॉक्सवर लॉट नंबर टाकतोय, आत दिवाणजी मान वाकडी करून खांद्यावर फोन धरून रजिस्टरची पानं उलटतायत. फोनवर शेतकरी विचारतोय, माझे किती बॉक्स शिल्लक आहेत. दिवाणजी आवकीचं पान काढतात, मग जावकीची चार पानं चाळतात, बोटांवर वजाबाकी करतात, आकडा सांगतात, फोन ठेवतात तोवर दुसरा फोन, तोच प्रश्न. दिवसभर ऐका, तुमच्या लक्षात येईल की त्यांना ग्राफ नको, डॅशबोर्ड नको, ॲनालिटिक्स तर अजिबात नको. त्यांना शिल्लक पाहिजे, शेतकऱ्याच्या नावावर, एका सेकंदात.

आणि बसून राहिल्यावरच कळतं असंही बरंच काही असतं. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात, त्यामुळं नावानं सर्च करून भागत नाही, गाव आणि मोबाईल नंबर लागतो. काही मालावर बँकेचं तारण कर्ज असतं, बँकेनं सोडल्याशिवाय ते बॉक्स बाहेर काढायचे नसतात, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरनं तिथं गेटपासच अडवला पाहिजे. चेंबरच्या भिंती जाड इन्सुलेशनच्या, आत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळं आत उभं राहून बॉक्स मोजणाऱ्या माणसाचं ॲप इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. यातली एक तरी गोष्ट पुण्यात एसीत बसलेल्या टीमला सुचेल का?

विचारायचं काय आणि कसं

"असं ॲप केलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडची माणसं मोठ्या मनाची, समोरच्या पोराचं मन कशाला मोडा म्हणून "करा की, चांगलंय" म्हणतात, आणि तुम्ही तो होकार समजून सहा महिने घालवता. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. मागच्या सीझनला हिशोब चुकला होता का, मग काय केलं, किती वेळ गेला, पैसे कुणाच्या खिशातून गेले? आधी कुणाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं का, का बंद केलं? याला किती दिले होते? या उत्तरांत खोटं बोलायला काही कारणच नसतं, आणि शेठला ती सांगायलाही आवडतात.

दहा-बारा ठिकाणी जा. एकाच जागी ऐकलेली तक्रार त्या एका माणसाची सवय असू शकते, सात-आठ ठिकाणी तीच निघाली तर तो धंद्याचा प्रॉब्लेम आहे.

आणि शेवटी पैशांचं बोलायचं, लाजायचं नाही. "अण्णा, येत्या सीझनला शिल्लक आणि गेटपासचं काम मी लावून देतो, वर्षाचे १२,०००, आत्ता २,००० द्या, काम पसंत पडलं नाही तर परत." तोंडी कौतुक करणारे पुष्कळ भेटतील, दोन हजार काढून देणारा जो भेटेल त्याच्यासाठी बनवायला घ्यायचं. दहापैकी एकानंही नाही दिले तर प्रॉब्लेम बदला, नुसता किस्सा ऐकल्यासारखं सोडून देऊ नका, कारण का नाही दिले हेही विचारून यायचं असतं.

टॅलीची सुरुवात अशीच आहे बघा. बंगळुरातले श्याम सुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशोब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, ते बनवायला सांगितलं. १९८६ ची गोष्ट. पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं आणि त्याला नेमकं काय पाहिजे हे रोज सांगत होतं. आज गणपती पेठेत कुठल्याही दुकानात डोकावा, टॅली दिसतंच.

पहिले काही आठवडे हातानं चालवा

टोकन घेतलं म्हणून लगेच डेटाबेस डिझाईन करायला बसू नका. गुगल शीट उघडा, तीन टॅब, आवक, जावक, शिल्लक. दिवाणजींना सांगा, रोज संध्याकाळी रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तुम्ही रात्री बसून ते शीटमध्ये भरा आणि सकाळी प्रत्येक शेतकऱ्याच्या शिलकीची यादी परत पाठवा. कंटाळवाणं काम आहे, हात दुखतो, पण आठ-पंधरा दिवसांत तुम्हाला कुठल्या रकान्यात काय काय लिहितात, कुठं खाडाखोड होते, लॉट फुटून दोन व्यापाऱ्यांना गेला तर दिवाणजी ते कसं दाखवतात, सगळं पाठ होतं. एक ओळ कोड न लिहिता.

मुख्य म्हणजे यात सगळ्यात महत्त्वाचं उत्तर मिळतं. तुम्ही एक दिवस यादी पाठवायला उशीर केला तर फोन येतो का? आला तर जिंकलात. चार दिवस पाठवली नाही आणि कुणाला पत्ताच नाही, तर ती गोष्ट त्यांना नको होती, आणि हे कळायला तुमचे फक्त पंधरा दिवस गेले.

आता बनवा, पण एकच गोष्ट

पहिल्या व्हर्जनमध्ये चार स्क्रीन पुरेत: आवक नोंद, जावक नोंद आणि गेटपास, शिल्लक, आणि महिन्याच्या भाड्याचं बिल. लॉगिनला मोबाईल नंबर. बस. अकाउंटिंग त्यात घुसवू नका, ते टॅलीत आहे, त्यांचा सीए टॅलीच मागणार, तुम्ही एक्सेल एक्स्पोर्ट द्या.

टेक्नॉलॉजी जी तुम्हाला झोपेत येते ती वापरा. जॅंगो येत असेल जॅंगो, लाराव्हेल येत असेल लाराव्हेल, खाली डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस, आणि एक छोटा सर्व्हर जो महिन्याला काही शे ते हजारभर रुपयांत मिळतो. मायक्रोसर्व्हिसेस, कुबरनेटीज वगैरे मोठ्या कंपन्यांचा पसारा विसरा, चाळीस कोल्डचा डेटा तो एकटा सर्व्हर हसत हसत सांभाळतो. अँड्रॉइड आणि आयफोनची वेगळी ॲप करत बसू नका, ब्राउझरमध्ये चालणारं, फोनवर इन्स्टॉल होणारं आणि ऑफलाईन नोंद साठवून रेंज आल्यावर पाठवणारं वेब ॲप करा, चेंबरच्या आतल्या माणसाचं काम त्यानं भागतं.

दोन गोष्टींवर मात्र हात आखडता घेऊ नका.

एक म्हणजे मराठी. दिवाणजींना स्क्रीन मराठीच पाहिजे, आणि शब्द त्यांचेच पाहिजेत, आवक, जावक, शिल्लक, हमाली, तोलाई, वाराई. त्यात पीडीएफ हा वेगळा ताप आहे, बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्या देवनागरी जोडाक्षरं नीट जोडत नाहीत, "क्षीरसागर" छापायला गेलं की अक्षरं पाय मोडून वेगवेगळी पडतात, वेलांटी भलतीकडं जाते. यावर सोपा उपाय म्हणजे पावती आधी वेबपेज म्हणून बनवायची आणि सर्व्हरवर क्रोम चालवून त्याच्याकडून पीडीएफ काढून घ्यायची, ब्राउझरला जोडाक्षरं बरोबर येतात. जुना डेटा श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर गावांची आणि माणसांची नावं एकदा डोळ्यांखालून घालायची, कारण चुका तिथंच राहतात.

दुसरं बॅकअप. सांगलीत हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. २००५ च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे साठवणीची जमिनीखालची कोठारं, गेली, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि २०२१ ला परत पाणी आलं. ज्याच्या दुकानात पाणी शिरलं त्याचा कॉम्प्युटर, रजिस्टर, पेनड्राईव्हमधला बॅकअप सगळं एकाच खोलीत होतं. म्हणून रोज रात्री आपोआप बॅकअप, तो दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप घेऊन खरंच सगळं परत उभं राहतं का हे स्वतः करून बघायचं. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका. पहिल्या भेटीत शेठना हे सांगा, बाकी कुठल्याही फीचरपेक्षा ते यावर कान देऊन ऐकतात.

पैसे

फुकट देऊ नका. फुकट घेतलेलं सॉफ्टवेअर कुणी वापरत नाही, आणि वापरलं नाही म्हणजे तुम्हाला त्यातल्या चुकाही कळत नाहीत. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना सवलत द्या, पण बिलावर पूर्ण किंमत आणि खाली सवलत अशी लिहून, म्हणजे पुढच्या वर्षी किंमत वाढवली असं वाटत नाही.

महिन्याच्या वर्गणीपेक्षा वर्षाचे पैसे एकदम घेतलेले आपल्या बाजारात चांगले. शेठना दर महिन्याला मागणं आवडत नाही, तुम्हाला दर महिन्याला मागायला जायला वेळ नाही, आणि आगाऊ वर्षाचे आले की तेच तुमचं भांडवल, त्याला व्याज नाही आणि हिस्साही द्यावा लागत नाही. यूपीआय नाहीतर चेक, दोन्ही चालतं. विकायची वेळ सीझनच्या आधी, म्हणजे बेदाण्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर. ऐन एप्रिलमध्ये डेमो द्यायला गेलात तर दारातूनच चहा पाजून परत पाठवतील.

आता परत एक गणित. १२,००० रुपये वर्षाला, ४० गिऱ्हाइकं, म्हणजे ४,८०,०००, म्हणजे महिन्याला ४०,०००. तुमचा ३२,००० चा खर्च निघाला. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, चाळीस. चाळीस होईपर्यंत बाकी कशाचाही विचार नको. त्याचवेळी वरची मर्यादाही बघून घ्या, समजा तुमच्या पट्ट्यात असली शंभरच गिऱ्हाइकं असतील आणि सगळी मिळाली तरी वर्षाला १२ लाख होतात. एक-दोन माणसांचा उत्तम धंदा, वीस जणांची कंपनी त्यावर उभी राहत नाही. हे आधी कळलेलं बरं, म्हणजे मोठं व्हायचं असेल तर याच्या शेजारी दुसरं काय विकता येईल किंवा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात जाता येईल ते वेळेवर सुचतं.

कागदपत्रं, जेवढी लागतात तेवढीच

एकटे असाल तर प्रोप्रायटरशिपनं, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या फर्मनं सुरुवात करा. शॉप ॲक्ट, महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर ऑनलाईन नुसती सूचना द्यायची असते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाईट आणि एजंट दोघांपासून लांब राहा. फर्मच्या नावानं करंट खातं उघडा आणि घरचे पैसे त्यात मिसळू नका. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, सॉफ्टवेअरला दर १८ टक्के, आणि किंमत सांगताना पहिल्या दिवसापासून "अधिक जीएसटी लागू झाल्यास" असं लिहायची सवय ठेवा.

दोघं-तिघं मित्र मिळून करणार असाल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी बघा. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून ऑडिट सक्तीचं असतं, एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावर. बाहेरचे गुंतवणूकदार घ्यायचे असतील तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड करता येते. स्टार्टअप इंडिया या सरकारी योजनेची मान्यता पाहिजे असेल तर प्रोप्रायटरशिप चालत नाही हे मात्र लक्षात ठेवा.

मित्रांमधला करार सुरुवातीलाच लिहा, दोस्ती चांगली आहे तेव्हाच. कुणाचा हिस्सा किती, कोण पूर्णवेळ, एखादा वर्षभरात नोकरीला गेला तर त्याचा हिस्सा काय होणार. हिस्सा चार वर्षांत थोडा थोडा मिळेल असं ठेवलेलं सगळ्यात बरं. हे बोलायला अवघड जातं, तरी बोलाच.

शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर, मालाचे आकडे तुमच्याकडं येणार, ते दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत, खतवाल्याला नाही आणि व्यापाऱ्याला तर नाहीच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण त्याच्याही आधी, कुणाचे किती बॉक्स कुठल्या कोल्डला पडलेत ही बातमी भाव पाडायला पुरते, आणि ती तुमच्याकडून फुटली असं एकदा तासगावात बोललं गेलं की विषय संपला.

पहिली दहा गिऱ्हाइकं

इथं जाहिरात करू नका. पहिल्या गिऱ्हाइकाचं काम इतकं नीट करा की तो स्वतः दुसऱ्याला फोन करील. प्रत्येकाकडं स्वतः जाऊन डेटा भरून द्या, दिवाणजींच्या शेजारी दोन दिवस बसा. शेठ पैसे देतात, पण सॉफ्टवेअर टिकतं की नाही हे दिवाणजी ठरवतात. त्यांना वाटलं की हा पोरगा आपली नोकरी घालवायला आलाय, तर संपलं, रजिस्टर कधी बंद होणारच नाही. त्यांना वाटलं की संध्याकाळी तासभर लवकर घरी जायला मिळतंय, तर तेच तुमचे सगळ्यात मोठे सेल्समन.

एक व्हॉट्सॲप नंबर ठेवा, साध्या बिझनेस ॲपवर, ते फुकट आहे. शेतकऱ्यांना आपोआप मेसेज पाठवायची एपीआय घेतली की प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात, त्यामुळं ती गिऱ्हाइकानं मागितल्यावर आणि वेगळे पैसे लावूनच घ्या. आलेली प्रत्येक तक्रार एका शीटमध्ये तारीख टाकून लिहा, शनिवारी वाचा. एकच तक्रार तीन ठिकाणांहून आली की सोमवारी तीच दुरुस्त करायची, बाकी सगळं बाजूला.

मोजायचं म्हणाल तर या टप्प्यावर दोनच आकडे. रोज नोंद होणारी कोल्ड किती, आणि सोडून जाणारी किती. दुसरा आकडा वरवर लहान दिसतो आणि तिथंच फसायला होतं. महिन्याला शंभरातली तीन सोडून गेली तर वाटतं काय एवढं, पण वर्षाअखेर शंभरातली ६९ च उरतात. तेच प्रमाण दीडवर आणलं तर ८३ उरतात. नवीन चौदा आणायला किती फिरायला लागतं ते फिरणाऱ्यालाच माहीत. म्हणून एखाद्याकडं चार दिवस नोंद झाली नाही की फोन करायचाच, आणि फोनवर नीट सांगत नसेल तर गाडीला किक मारायची.

नाही म्हणायची सवय

तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकापासून मागण्या सुरू होतात. यात पगार पण टाका, ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशोब टाका, आमच्या साखर कारखान्याच्या ओळखीत मोठं काम आहे ते घ्या. प्रत्येक मागणीमागं माणूस चांगलाच असतो. पण एकाच गिऱ्हाइकासाठी वेगळा कोड लिहिलात की पुढं प्रत्येक बदल दोनदा करावा लागतो, आणि पाच जणांसाठी पाच वेगळे केलेत की तुमच्याकडं प्रॉडक्ट राहिलं नाही, पाच नोकऱ्या झाल्या. सरळ सांगा, "दादा, हे लिहून घेतलं, अजून तीन जणांनी मागितलं की सगळ्यांनाच देतो." राग येत नाही, मी बघितलंय, उलट पोरगं थापा मारत नाही असं मत होतं.

पैशांची अगदीच ओढाताण असेल तर बाहेरचं कस्टम काम घ्यायला हरकत नाही, पण आठवड्याचे दिवस ठरवून घ्या. बेसकॅम्प हे कामांचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर बनवणारी शिकागोची कंपनी मुळात वेबसाईट डिझाईन करून द्यायची, गिऱ्हाइकांची कामं सांभाळायला त्यांनी स्वतःसाठी ते बनवलं, २००४ मध्ये विकायला काढलं, आणि त्यातून पुरेसे पैसे येईपर्यंत डिझाईनची कामं चालूच ठेवली.

वाढायचं कधी

चाळीस झाले, खर्च निघाला, दुसरा सीझनही पार पडला आणि बहुतेकांनी स्वतःहून पुढच्या वर्षाचे पैसे दिले, तर आता वाढायचं. पहिला माणूस डेव्हलपर घेऊ नका, सपोर्टचा घ्या. ज्याला बेदाण्याचा व्यवहार कळतो, गोड बोलतो, फोन उचलतो असा स्थानिक पोरगा किंवा पोरगी, कॉमर्सवाला असेल तर फारच छान. त्यामुळं तुमचा दिवसाचा निम्मा वेळ मोकळा होतो आणि कोड लिहायला तुम्ही स्वतः आहातच. दुसरा माणूस तेव्हाच नेमा, जेव्हा त्याचा सहा महिन्यांचा पगार बँकेत बाजूला पडलेला असेल.

पुढचा पट्टा निवडताना सगळीकडं एकदम पसरू नका. सोलापूर-पंढरपूरकडं बेदाणा आहे, तिथं सध्याचं प्रॉडक्ट जवळपास तसंच चालेल. विजयपूरला गेलात तर कन्नड लागेल, पावत्या, मेसेज, सपोर्ट सगळं, म्हणजे तो निर्णय खर्चाचा धरून घ्यायचा. किंवा इथंच राहून हळदीच्या गोदामांकडं वळता येतं, आवक-जावक-शिल्लक तीच, फक्त बॉक्सऐवजी पोती आणि वजन.

बाहेरचा पैसा न घेता मोठं होता येतं का, असं घरचे, पाहुणे सगळे विचारतील. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी १९९६ ला ॲडव्हेंटनेट या नावानं सुरू झाली, श्रीधर वेंबूंनी बाहेरचे गुंतवणूकदार न घेता ती वाढवली आणि तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या भागात गावात ऑफिस काढून तिथं प्रॉडक्ट बनवली. शेअर ब्रोकिंगवाली झिरोधा २०१० पासून स्वतःच्या कमाईवर चाललीय. त्यांच्याएवढं होणं प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही, पण गिऱ्हाइकांच्या पैशावर कंपनी चालते एवढं यातून नक्की दिसतं. गुंतवणूक घ्यायची वेळ एकच, जेव्हा मागणी दारात उभी आहे, पाच जिल्ह्यांतून फोन येतायत आणि पैशाअभावीच तुम्हाला माणसं नेमता येत नाहीत. तेव्हासुद्धा आधी वर्षाचे आगाऊ देणारी गिऱ्हाइकं वाढवून भागतं का ते बघा.

आणि नाहीच जमलं तर थांबायची रेषाही आधीच आखा, घरच्यांना सांगून. समजा, एक पूर्ण सीझन संपला आणि पैसे देणारी दहासुद्धा झाली नाहीत, तर हे प्रॉडक्ट बंद. बंद करतानाही रीत असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन महिने आधी स्वतः जाऊन सांगा, त्यांचा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून पेनड्राईव्हवर द्या, उरलेल्या महिन्यांचे पैसे हिशोबानं परत करा, आणि तोपर्यंत सर्व्हर चालू ठेवा. पुढच्या वर्षी दुसरं काही घेऊन त्याच दारात जायचंय.